कपाटातली गोळी आणि खिशातली गोळी

मागच्या पंधरवड्यातली गोष्ट. सकाळी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. माझा एक जुना विद्यार्थी मोटारसायकल लावून आत आला. आता त्याचीच पन्नाशी उलटली आहे, पण मला बघितलं की अजून हात मागे बांधून उभा राहतो. खुशाली झाली, चहा झाला. मग त्याने हळूच विषय काढला. त्याच्या आईला कर्करोग आहे, हाडांपर्यंत पोचला आहे. मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या आहेत.

"गुरुजी, देऊ का नको? सारे म्हणतात सवय लागते. अफूच असते म्हणे ते."

"आईचं वय काय?"

"ब्याऐंशी."

"आणि डॉक्टर काय म्हणतात, किती दिवस?"

तो खाली बघायला लागला.

निघताना उठला तर कंबरेवर हात ठेवून कण्हला. खिशातून एक पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायला. मी विचारलं, हे काय रे? म्हणाला, "काही नाही गुरुजी, कंबरीची गोयी आहे. मेडिकलवाला देते. लय पावरफुल आहे. दीड वर्ष झालं घेतो."

मी चष्मा लावून पाकीट वाचलं. बारीक अक्षरात लिहिलं होतं : ट्रॅमाडॉल.

मंडळी, आजचा लेख या दोन गोळ्यांबद्दल आहे. दोन्ही एकाच घराण्यातल्या. मॉर्फिन थेट अफूपासून निघतं, ट्रॅमाडॉल कारखान्यात तयार होतं, पण मेंदूतल्या त्याच कुलपाला दोघींची किल्ली लागते. ज्या माउलीला गोळी मिळायला हवी तिला द्यायला मुलगा घाबरतो, आणि ज्या गोळीला घाबरायला हवं ती फुटाण्यासारखी खिशात घेऊन फिरतो! मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कारण या दोन्ही चुका मी स्वतः केलेल्या आहेत. आमच्या घरातल्या काहींना पुढचं वाचून वाईट वाटेल, पण दहा वर्षं पोटात ठेवलं, आता लिहितोच.

आमचा बापू, माझा धाकटा भाऊ. आधी तंबाखू, मग गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ सालीच बंदी आली, पण बापूला त्याची पुडी एक दिवसही कमी पडली नाही. २०१६ च्या पावसाळ्यात गालाच्या आत जखम झाली, ती भरेना. मोठ्या शहरात ऑपरेशन झालं, शेक झाले, आणि हिवाळ्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता घरी न्या. सोबत मॉर्फिनच्या गोळ्या दिल्या. कशा द्यायच्या ते कागदावर लिहून दिलं.

घरी आल्यावर मी तो कागद वाचला आणि गोळ्या लोखंडी कपाटात ठेवल्या, जमिनीच्या कागदपत्रांखाली. किल्ली माझ्या सदऱ्याच्या खिशात. मी घरातला मोठा. मराठी आणि इतिहास शिकवलेला माणूस. अफूचं युद्ध मी दरवर्षी नववीच्या वर्गाला तिखटमीठ लावून सांगत असे. अख्खा चीन कसा गुंगीत गेला ते फळ्यावर लिहीत असे. आणि लहानपणी बघितलेलं डोक्यात होतं, शेतावर निंदायला जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकरांना अफूचा खडा चाटवून झाडाखाली झोपवत, ते सुस्तावलेलं पोर. असली वस्तू मी माझ्या भावाला देऊ? "पाहू, अगदीच सहन झालं नाही तर देऊ," असं मी भावजयीला सांगितलं. तिने मान हलवली. मोठ्या दिरापुढे काय बोलणार बिचारी!

बापूला बोलता येत नव्हतं. मी त्याला शाळेतली पाटी दिली होती. पहिल्या दिवशी त्यावर त्याने लिहिलं, दादा गोळी. मी साध्या तापाची गोळी कुटून दिली. तिसऱ्या दिवशी नुसतं गोळी लिहिलं. पाचव्या दिवसापासून त्याने पाटी हातात घेणं सोडलं. रात्री भिंतीवर मूठ आपटायचा, तो आवाज पलीकडच्या आळीपर्यंत जायचा. अगदीच झालं की मी कपाट उघडून अर्धी गोळी द्यायचो, आणि ती देतानाही मनात हिशेब, की काल दिली होती, आज पुन्हा मागतोय, लागली वाटतं सवय!

असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी आमची भाची आली. मुंबईला नर्स आहे. तिने मामाची अवस्था बघितली, कागद मागितला, वाचला, आणि माझ्याकडे अशी बघितली की तशी नजर मी उभ्या नोकरीत कुठल्या साहेबाची पाहिली नाही. "मोठे मामा, हे औषध दुखायला लागल्यावर द्यायचं नसतं. दुखू नये म्हणून द्यायचं असतं. घड्याळ लावून, चार चार तासांनी. आणि सोबत पोट साफ व्हायचं औषध लिहिलंय ते कुठे आहे?" तिने त्या डॉक्टरांना फोन लावला, नीट विचारून घेतलं आणि संध्याकाळपासून गोळ्या सुरू केल्या. पहिले दोन दिवस मळमळलं, पेंग आली. तिसऱ्या दिवशी बापू उशीला टेकून बसला. पातळ खिचडी घेतली. पाटी मागितली आणि लिहिलं, पैनगंगेला पाणी आहे का?

त्यानंतर तो सतरा दिवस होता. त्या सतरा दिवसांत नातवाला मांडीवर घेतलं, शेताच्या वाटण्या लिहून दिल्या, माझ्याशी पाटीवर फुल्ली-गोळाही खेळला. मधे एकदा गोळ्या संपत आल्या. आमच्या भागात जिथे जिथे विचारलं तिथे दुकानदारांनी मान हलवली. कोणी म्हणाले ठेवत नाही, कोणी म्हणाले ती भानगड आम्हाला नको. शेवटी पुतण्या रात्रीच्या ट्रॅव्हल्सने त्या मोठ्या शहरात गेला आणि घेऊन आला. मधल्या दीड दिवसाचं मी लिहीत नाही.

बापूचा मृत्यू मला टाळता आला नसता. ते नऊ दिवस मात्र टाळता आले असते. त्यांची किल्ली माझ्या खिशात होती.

आता मला कोणी म्हणेल, गुरुजी, तुमची भीती साहजिक होती. होती ना. पण ती भीती एकट्या माझी नव्हती. ती सरकारचीही होती. १९८५ साली आपल्याकडे अंमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू चांगला होता, तस्करांना पकडायचं. पण त्याच जाळ्यात मॉर्फिन अडकलं. एका इस्पितळाला थोड्या गोळ्या ठेवायच्या तर निरनिराळ्या खात्यांचे परवाने, प्रत्येकाची मुदत वेगळी, एक येईपर्यंत दुसरा संपलेला. कागदात जरा चूक झाली तर तुरुंगाची भीती. डॉक्टरांनी आणि दुकानदारांनी हात जोडले. पुढच्या बारा वर्षांत देशातला औषधी मॉर्फिनचा वापर शेकडा नव्वदहून अधिक घसरला. डॉक्टरांच्या पिढ्याच्या पिढ्या हे औषध हातात न धरता शिकून बाहेर पडल्या.

आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), अफू पिकवणारा देश आपणच. शेजारच्या मध्यप्रदेशात नीमच-मंदसौरकडे, राजस्थानात, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. आपली अफू जगाच्या औषधासाठी परदेशी जाते आणि आपला माणूस भिंतीवर मूठ आपटतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०१७ साली हिशेब मांडला, त्यात भारतात अशा औषधांची जेवढी गरज आहे त्याच्या जेमतेम ४ टक्के भागते असं निघालं. चार टक्के! माझ्या वर्गात चार टक्के मिळवणाऱ्या पोराला मी बाकावर उभं केलं असतं.

केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षं डोकं फोडलं तेव्हा कुठे २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली. मॉर्फिन, फेन्टॅनिल, मेथाडोन, कोडीन वगैरे सहा औषधं अत्यावश्यक ठरली, मे २०१५ मध्ये नियम आले आणि सगळ्या देशाला एकच पद्धत लागू झाली. इस्पितळाने राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एक मान्यता घ्यायची, की झालं. आमचा बापू गेला तो या दुरुस्तीनंतर. म्हणजे कायदा मोकळा झाला होता, पण कपाटाची किल्ली आमच्याच खिशात राहिली. आपल्या राज्यात हे काम नवं आहे असंही नाही. मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन १९८६ पासून आहे, देशातलं अशा प्रकारचं ते पहिलं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ पासून आहे. परळच्या टाटा रुग्णालयात वेदना कमी करणारा वेगळा विभाग आहे. पण मुंबई-पुण्याच्या माणसाचं हाड दुखतं तसंच मेहकरच्या माणसाचंही दुखतं, हे कोणी कोणाला सांगायचं?

आता माझी दुसरी चूक.

करोनाचा जोर ओसरला त्या सुमारास माझे गुडघे बोलायला लागले. डॉक्टरांनी तपासून पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. काय आराम पडला म्हणून सांगू! बालाजीच्या देवळाच्या पायऱ्या चढून गेलो. पाच दिवस संपले, मी तीच चिठ्ठी दुकानात दाखवली, पुन्हा मिळाल्या. पुढे चिठ्ठी लागेनाशी झाली. मी नुसतं "ती लांबट पांढरी" म्हटलं की काउंटरवर पाकीट यायचं. एकाच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन. आठ महिने. शौचाला होईना, ते वयावर ढकललं. भोवळ यायची, ती उन्हावर ढकलली. एकदा न्हाणीघरात पडलो, ते फरशीवर ढकललं. ज्याने भावाच्या गोळ्या कुलपात ठेवल्या तो मास्तर स्वतः रोज तीन गोळ्या खात होता आणि त्याला पत्ता नव्हता की या त्याच घरातल्या बहिणी आहेत. पाकिटावरचं नाव वाचायचे कष्ट मी आठ महिने घेतले नाहीत. मुलांना मात्र जन्मभर सांगितलं, प्रश्न नीट वाचा, मग उत्तर लिहा!

दिवाळीला लेकीकडे पुण्याला गेलो आणि पाकीट घरी विसरलो. दुसऱ्या दिवशी नाक गळायला लागलं, घाम, जुलाब, पाय जागेवर राहीनात, रात्रभर खोलीत येरझाऱ्या. लेकीला वाटलं पुन्हा करोना. तिच्या डॉक्टरांनी विचारलं, काका, रोज काय घेता? घरी फोन करून पाकिटावरचं नाव वाचून घेतलं. ते शांतपणे म्हणाले, "शरीराला याची सवय झाली आहे. एकदम बंद करायचं नाही, हळूहळू उतरवू." दीड महिना लागला. गुडघ्यांना शेवटी आराम पडला तो व्यायामाने, काठीने आणि वजन सहा किलो उतरवल्याने.

त्यांनी समजावलेलं इथे देतो, कारण ते कोणीच आपल्याला सांगत नाही. ही औषधं ज्या जागी वेदना थांबवतात, त्याच घराण्याच्या जागा आतड्यात आहेत म्हणून बद्धकोष्ठ होतं. मेंदूत आहेत म्हणून पेंग आणि भोवळ, आणि माझ्या वयात भोवळ म्हणजे मोडलेलं खुब्याचं हाड. श्वास चालवणाऱ्या केंद्रातही आहेत, म्हणून प्रमाणाबाहेर घेतली किंवा दारू, झोपेच्या गोळ्या यांच्याबरोबर घेतली तर श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो. ट्रॅमाडॉल जास्त झालं तर फिट येऊ शकते. नैराश्याच्या काही औषधांबरोबर ते घातक ठरू शकतं. आणि जुनाट गुडघेदुखी-कंबरदुखीत महिनोन् महिने घेऊन फायदा थोडा, तोटाच जास्त.

आता कोणी म्हणेल की कायदा नाही का? आहे! ट्रॅमाडॉलसारखी औषधं २०१४ पासून एच-वन या यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत, रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं, ती वही तीन वर्षं जपायची. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल अंमली पदार्थांच्या त्याच कडक कायद्याखाली आलं. आठ महिन्यांत माझं नाव कुठल्या वहीत लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. मॉर्फिनसाठी ज्या कायद्याचा बाऊ केला, तोच कायदा ट्रॅमाडॉलच्या काउंटरवर डुलक्या घेत होता.

हा प्रश्न माझ्या गुडघ्यापुरता नाही. २०१९ साली केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाने दिल्लीच्या एम्सकडून केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. देशात सुमारे सव्वादोन कोटी लोक अफूच्या जातीचं काही ना काही घेतात, आणि त्यांतली सुमारे ७७ लाख माणसं अशी की ज्यांना उपचाराची मदत हवी. हेरॉइनच्या खालोखाल नंबर औषधी गोळ्या-सिरपांचा. खुद्द अफू त्यांच्या मागे!

आणि आपण नुसतं खात नाही, खाऊ घालतोही. फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने दाखवलं की मुंबईच्या अवेओ फार्मास्युटिकल्स या कंपनीच्या गोळ्या घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्टच्या रस्त्यांवर नशेसाठी विकल्या जात आहेत. टॅपेन्टाडॉल हे ट्रॅमाडॉलचंच भावंड, त्यात कॅरिसोप्रोडॉल मिसळलेलं. अशा जोडगोळीला जगात कुठेही औषध म्हणून मान्यता नाही. बातमी आल्यावर केंद्राच्या आणि महाराष्ट्राच्या अधिकाऱ्यांनी तिथे तपासणी केली, सव्वा कोटीहून अधिक गोळ्या जप्त झाल्या, उत्पादन थांबवलं आणि या मिश्रणाच्या निर्यातीच्या परवानग्या मागे घेतल्या. नववीच्या वर्गात मी सांगायचो, इंग्रजांनी आपली अफू चीनला विकली. आता आफ्रिकेतला एखादा मास्तर आपल्याबद्दल काय शिकवत असेल?

आमच्या अमेरिकेतल्या मंडळींना यावर म्हणायचं असतं, आणि मागच्या भेटीत पुतणजावयाने म्हटलंच, "काका, मॉर्फिन मोकळं करा म्हणता, आमच्याकडे काय झालं ते बघा." बघितलं. १९९६ पासून पर्ड्यू कंपनीने ऑक्सिकॉन्टिन विकताना सवयीचा धोका कमी आहे असं डॉक्टरांच्या गळी उतरवलं. २००७ साली आणि पुन्हा २०२० साली कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण तोवर पाठदुखी, दातदुखीलाही गोळ्या वाटून झाल्या होत्या. लोक गोळ्यांवरून हेरॉइनवर, हेरॉइनवरून चोरट्या फेन्टॅनिलवर गेले, आणि २०२१-२२ मध्ये तिथे वर्षाला ८० हजारांवर माणसं या जातीच्या विषाने गेली. पण जावईबापू, यातून धडा कोणता? पाठदुखीला फुटाण्यासारखं वाटू नका, आणि ज्याचा धंदा आहे त्याचं ऐकून वाटू नका, हा धडा. कर्करोगाच्या माणसाला तळमळत ठेवा, हा धडा नव्हे. विहिरीत कोणी बुडाला म्हणून गावाचं पाणी तोडत नाहीत, विहिरीला कठडा बांधतात.

"सवय" या शब्दाचाही आपण घोळ घातला आहे. औषध बरेच दिवस घेतलं की शरीर त्याला सरावतं, एकदम थांबवलं तर त्रास होतो. हे मलाही झालं, बापूलाही झालं असतं. त्याला व्यसन म्हणत नाहीत. नुकसान दिसत असूनही त्याच्याच मागे मन धावणं, हे व्यसन. कर्करोगाच्या वेदनेसाठी जाणत्या डॉक्टरने थोड्यापासून सुरू करून मोजून वाढवलेल्या मॉर्फिनने असं व्यसन लागणं क्वचितच घडतं, आणि अशा मोजक्या प्रमाणात श्वासही बंद पडत नाही. "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं" असं गावात म्हणतात, तेही खोटं. बापूला मॉर्फिनने मारलं नाही, उलट शेवटचे सतरा दिवस त्याने दिले. आणि समजा लागलीच असती सवय... ज्याच्या हातात सतरा दिवस आहेत त्याच्या व्यसनाची काळजी करणारा मी कोण? त्या नऊ दिवसांत मी भावाचं व्यसनापासून रक्षण करत नव्हतो. माझ्या अब्रूचं करत होतो.

म्हणून स्पष्ट लिहितो. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मॉर्फिन असलं पाहिजे आणि ते द्यायला शिकलेला एक तरी डॉक्टर आणि एक तरी नर्स असली पाहिजे. समृद्धी महामार्ग आमच्या मेहकरजवळून जातो, त्यावरून गाड्या ताशी १२० ने धावतात. एवढा रस्ता करता आला, तर महिन्याचा एक डबा पोचवणं अवघड नाही. मेडिकलवाल्यांनी चिठ्ठी मागावी, वही लिहावी. मग तो गिऱ्हाईक त्यांचा जुना गुरुजी का असेना! डॉक्टरांनी "दुखण्याची गोळी" एवढंच न म्हणता नाव सांगावं, किती दिवस ते सांगावं, कधी आणि कशी थांबवायची तेही सांगावं. आणि आपण घरच्यांनी दोन कामं करावीत. आपल्या गोळीचं पाकीट चष्मा लावून वाचावं, आणि महिनोन् महिने चालू असेल तर मनाने बंदही न करता डॉक्टरकडे न्यावं. दुसऱ्यासाठी लिहून दिलेली गोळी कपाटात कोंडू नये. कुलूप हवं ते लहान मुलांच्या आणि भलत्या हातांच्या भीतीने. ज्याचं औषध आहे त्याच्यासाठी ते वेळेवर उघडलं पाहिजे.

त्या विद्यार्थ्याला मी बापूची गोष्ट सांगितली, सगळी. तो काही बोलला नाही, पाया पडून गेला. चार दिवसांनी फोन आला. कागदावर लिहिलंय तशी गोळी सुरू केली, सोबत पोटाचं औषधही. आई रात्रभर झोपली, सकाळी उठून तिने घट्ट दुधाचा चहा मागितला.

मी विचारलं, "आणि तुझ्या कंबरेचं काय? गेलास का डॉक्टरकडे?"

"जातो ना गुरुजी, सोयाबीन निघालं की जातो."

सोयाबीन निघायची वाट मी बघणार नाही. उद्या सकाळी त्याच्या घरी जातो, माउलीला भेटतो, आणि येताना त्याला बरोबर घेऊनच डॉक्टरांची पायरी चढतो. शाळेत असताना त्याचे कान पुष्कळ धरले आहेत, अजून एकदा धरीन म्हणतो.